बोरू शाईत बुडताना

(दृश्य : तांबडा रुमाल सुटतो. आत दोन लाकडी फळ्या, मध्ये सुट्या पानांचा गठ्ठा आणि वेखंडाची पुरचुंडी.)

पोथीला शिवण नसते. तिचं पान पुस्तकासारखं उजवीकडून डावीकडे उलटत नाहीत. खालची कड धरून वर उचलतात, म्हणजे मागची बाजू सुलटी समोर येते. पानाचा आकडाही बहुतेक वेळा या मागच्या बाजूलाच, समासात असतो. जुन्या पोथ्या वाचायला आणि उतरवायला शिकवणाऱ्या तीन दिवसांच्या कार्यशाळेत पहिल्या सकाळी आम्ही एवढंच केलं. कोरी पानं उचलली, उलटली, परत रचली.

आमच्या कॅमेरामनला पांढरे हातमोजे हवे होते. पडद्यावर तसंच दिसतं ना! शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "हात धुवा, कोरडे करा, झालं. मोज्यातून कागदाची कड बोटाला कळत नाही, आणि फाटतो तो कडेलाच." थुंकी लावून पान उलटायची सवय असलेला एक जण मात्र दिवसभर बोट ओठांपर्यंत नेत होता आणि दचकून खाली घेत होता.

(दृश्य : दगडी वाटीत काजळ आणि बाभळीचा डिंक घोटला जातोय.)

काजळ, डिंक, पाणी. शाईचा ऐवज एवढाच, पण घोटत बसायचं तासन् तास. कागदही घोटलेलाच हवा. जुन्नर आणि दौलताबादचा हातकागद जुन्या काळी नावाजलेला. गुळगुळीत दगडानं घासून तो चकचकीत केला की शाई फुटत नाही.

बोरू कापण्यात माझी सगळी दुपार गेली. टोक तिरपं हवं, जाड-बारीक रेघ त्या तिरपेपणातून येते. पाचवा बोरू कुठे लिहायला लागला, आणि अर्ध्या पानात त्याचं टोक झिजून अक्षरं जाडी होऊ लागली. पुन्हा कापला, अक्षर एकदम बारीक. तेव्हा बाईंनी जुन्या पोथीच्या एका पानाचं छायाचित्र समोर ठेवलं. तिथेही मधल्याच ओळीपासून अक्षर बारीक झालेलं. सकाळी हेच पान पाहून मी छातीठोकपणे सांगितलं होतं, की इथून लिहिणारा बदलला. माणूस तोच होता. बोरू नव्यानं कापला होता.

आता वाचन. लिपी बाळबोध, म्हणजे आपली देवनागरी, मोडी नाही. तरीही पहिली ओळ लागायला अर्धा तास गेला. शब्दांमध्ये जागा नाही, सगळं सलग. 'ख'च्या जागी 'ष'. आणि जुन्या प्रतींत पडीमात्रा. म्हणजे 'रे' लिहायचा तर मात्रा 'र'च्या डोक्यावर जात नाही, त्याच्या आधी उभी रेघ होऊन बसते. नवखा डोळा ती रेघ मागच्या अक्षराचा काना समजतो. लिहिणाऱ्यानं 'घरे' लिहिलंय, आपण वाचतो 'घार'. मी दहा मिनिटं त्या ओवीत पक्षी शोधत होतो.

(दृश्य : नकलेचा तास. बोरूंची करकर. निवेदन थांबतं.)

दुसऱ्या दिवशी नक्कल. दोन पानं, जशीच्या तशी. मला वाटलं, यात काय शिकायचं? माझ्या पानांवर एका खाली एक दोन ओव्या होत्या, दोन्ही 'जैसे' या शब्दानं सुरू होणाऱ्या. पहिलीचा 'जैसे' लिहिला, बोरू शाईत बुडवला, मान वर केली, 'जैसे' सापडला, पुढे लिहीत सुटलो. तो दुसरा 'जैसे' होता. अख्खी ओवी गळली आणि मला पत्ताही नाही. रात्री ताडून पाहिलं तेव्हा कळलं.

चूक झाली ती बोरू बुडवताना. नजर मूळ पानावरून हलते तो क्षण. ग्रंथसंपादनाच्या पुस्तकांत या गफलतीवर प्रकरणं आहेत, मी ती वाचलीही होती. पण दौतीकडे वळलेली मान कुठल्या प्रकरणात दिसणार?

जुने लेखनिकही चुका दुरुस्त करत. सुटलेलं समासात लिहायचं, ओळीत हंसपदाची खूण करायची, शेजारी आकडा टाकायचा, कितव्या ओळीतलं ते. जास्तीचं किंवा चुकलेलं अक्षर झाकायला हरताळ, तो पिवळा रंग. आश्वासनांना हरताळ फासतात तो हाच. त्यात आर्सेनिक असतं, म्हणून आम्हाला साधी पिवळी माती दिली. खऱ्या पोथीवरचा हरताळ मात्र पाहिला, दिवा बाजूनं तिरपा धरून. जिथे पापुद्रा उडालाय तिथे खालचं अक्षर डोकावतं.

(दृश्य : पोथीचं शेवटचं पान. बोट न लावता, काडीनं एकेक शब्द दाखवला जातो.)

मग पुष्पिका. ग्रंथ संपला की लेखनिक शक, संवत्सर (साठ वर्षांच्या चक्रातलं त्या वर्षाचं नाव), महिना, तिथी, वार लिहितो. विश्वास ठेवायचा नाही, ताळा करायचा. शकात १२ मिळवा, ६० नं भागा. जी बाकी उरते तो प्रभवापासून, म्हणजे चक्रातल्या पहिल्या नावापासून मोजलेला संवत्सराचा क्रमांक. एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली ती शके १५०६, तारण संवत्सरात, म्हणजे १५८४ साली. १५०६ अधिक १२, १५१८. बाकी १८. अठरावा संवत्सर तारणच. जुळलं! जुळलं नाही तर आकडा तरी चुकलाय, नाव तरी, किंवा कुणीतरी पोथी जुनी भासवतंय.

मुळात एकनाथांना शुद्ध करावी का लागली? ज्ञानेश्वरी शके १२१२ ची, १२९० सालची. त्या सालची प्रत आज कुणाकडे नाही. आहेत त्या नकलांच्या नकला. महाभारताचंही तसंच. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात त्याच्या चिकित्सक आवृत्तीचं, म्हणजे प्रती ताडून मुळाच्या जवळचा पाठ ठरवण्याचं काम १९१९ साली सुरू झालं आणि १९६६ साली पूर्ण झालं. शेकडो हस्तलिखितं शब्दाशब्दानं ताडायची तर एवढी वर्षं लागणारच. दोन प्रतींत एकच विचित्र चूक असेल, तर त्यांचं कूळ एक असावं. पण माझ्यासारखी 'जैसे'ची गफलत दोघांना वेगवेगळीही होऊ शकते. तिच्यावरून नातं जोडायला जाऊ नये.

(दृश्य : शेवटचा दिवस. टेबलावर सहा नकला.)

तिसऱ्या दिवशी मूळ पानं काढून घेतली. आता शेजाऱ्याच्या नकलेवरून नक्कल करायची. माझी नक्कल गेली एका निवृत्त शिक्षकांकडे. अक्षर मोत्यासारखं, एकही खाडाखोड नाही. माझी गळलेली ओवी त्यांच्याकडेही नाही, कुठून असणार? उलट मी एका शब्दाचा काना विसरलो होतो. तो शब्द त्यांना खटकला, म्हणून त्यांनी तो सुधारला, आणि तिसराच शब्द झाला. वाचायला छान. नंतर ताडायला मूळ पान मिळालं नसतं, तर मीही तोच खरा मानला असता.

खाली त्यांनी पुष्पिका लिहिली होती. शक बरोबर, संवत्सर बरोबर. त्याखाली लेखनिकांचा तो नेहमीचा श्लोक, जशी प्रत पाहिली तशी मी लिहिली, शुद्ध असो की अशुद्ध, मला दोष देऊ नये.

"मम दोषो न दीयते," सर माझ्याकडे बघत मोठ्यानं म्हणाले, आणि पानावर वाळू भुरभुरवली.