गोळी आधी की नंतर?

नमस्कार मैत्रिणींनो, आणि त्यांच्यासोबत दवाखान्यात येणाऱ्या घरच्या मंडळींनो.

गर्भाशयाची पिशवी साफ करून, म्हणजे क्युरेटिंग करून, घरी सोडताना हातात अँटिबायोटिकची पट्टी दिली नाही, की सासूबाई हमखास विचारतात, "डॉक्टर, गोळ्या नाही दिल्या?" प्रश्न रास्तच आहे. पण त्या गोळीची खरी वेळ तोवर टळून गेलेली असते.

गर्भाशयाच्या तोंडाशी दाट, चिकट स्राव असतो. योनीतल्या जंतूंना तो वर चढू देत नाही. क्युरेटिंगचं उपकरण त्यातूनच आत जातं आणि काही जंतू सोबत नेतं. ते आत पोचतील तेव्हा औषध शरीरात हजर हवं. म्हणून डोस आधी, साधारण तासभर, आणि एकदाच. नंतर पाच दिवस गोळ्या खाऊन संरक्षणात फारशी भर पडत नाही. मळमळ, जुलाब मात्र पदरात पडतात.

आपोआप गर्भपात झाल्यावर पिशवी साफ करावी लागते, तेव्हा या एका डोसाचा उपयोग किती? मलावी, पाकिस्तान, टांझानिया आणि युगांडात ३४१२ जणींवर हे तपासलं. निष्कर्ष २०१९ साली आले. निम्म्या जणींना आधी डॉक्सिसायक्लिन आणि मेट्रोनिडाझोल, प्रत्येकी ४०० मिलिग्रॅम. बाकीच्यांना तशाच दिसणाऱ्या, पण औषध नसलेल्या गोळ्या. दोन आठवड्यांत ओटीपोटाचा जंतुसंसर्ग झाला औषध घेतलेल्यांपैकी ४.१ टक्के जणींना आणि बाकीच्यांपैकी ५.३ टक्के जणींना. हा फरक योगायोगानेही पडू शकतो. पण डॉक्टरांचा अंदाज बाजूला ठेवून ताप, पू, दुखरी पिशवी अशी किमान दोन ठोस लक्षणं असतील तरच संसर्ग धरला, तेव्हा आकडे आले १.५ आणि २.६. एवढ्या स्वस्त डोससाठी मला हा पुरावा पुरेसा वाटतो.

कॉपर टी बसवताना मात्र सरसकट अँटिबायोटिक लागत नाही. तिथे प्रश्न असतो तो आधीपासूनच संसर्ग आहे का, याचा. अंगावरून दुर्गंधी पांढरं जात असेल तर लाजू नका, बसवण्याआधी सांगा. दुर्बिणीने पिशवी आतून बघायची असेल, तरी एरवी गोळी नको. ट्यूब उघड्या आहेत का हे बघायला रंग सोडून एक्स-रे काढतात, त्यात ट्यूब सुजलेल्या दिसल्या तर गोष्ट वेगळी. तिथे कोर्स देतात.

कुठल्या औषधाची ॲलर्जी असेल तर तेही आधीच सांगायचं. आणि घरी गेल्यावर ताप आला, ओटीपोटातलं दुखणं वाढलं, घाण वासाचा स्राव सुरू झाला, तर कपाटातल्या उरलेल्या गोळ्या घेऊ नका. त्याच दिवशी दाखवायला या. तेव्हा देतो तो उपचार, आणि तो कोर्स मधेच सोडायचा नसतो.