कळ गेल्यानंतर

(दृश्य: डिसेंबरची सकाळ, वॉर्डची खिडकी. पलंगावर टेकून बसलेला रुग्ण, हातात स्टीलचा पेला.)

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी नर्स पाण्याचा पेला हातात देते. कळ थांबलेली असते, तरी घोट तोंडाच्या दुसऱ्याच बाजूनं घेतला जातो. ज्या गालाला वर्षानुवर्षं वारा लागू दिला नाही, ज्या बाजूनं घास चावला नाही, तो गाल एका रात्रीत मोकळा झालाय यावर अंगाचा विश्वास बसत नाही.

हा आजार ट्रायजेमिनल न्यूराल्जियाचा. चेहऱ्याची संवेदना मेंदूकडे नेणाऱ्या पाचव्या नसेला तीन फांद्या असतात. एक कपाळ आणि डोळ्याकडे जाते, दुसरी गाल आणि वरच्या जबड्याकडे, तिसरी खालच्या जबड्याकडे. ही नस मेंदूपाशी जिथं निघते, तिथं बहुतेक वेळा एखादी धमनी तिला चिकटून धडधडत असते. ठोक्यागणिक घासून नसेवरचं आवरण झिजतं. मग दात घासताना, दाढी करताना, निफाडकडची थंडी गालाला लागताच विजेचा झटका बसावा तशी कळ उठते. कळ दाढेत जाणवते म्हणून चांगल्या दाढा उपटल्या जातात आणि कळ तिथंच राहते. हे आजही घडतं, आणि वाईट वाटतं.

१९६०च्या दशकात अमेरिकेतले सर्जन पीटर जेनेटा यांनी सूक्ष्मदर्शकाखाली ही धमनी नसेपासून दूर करायची पद्धत विकसित केली. तिला मायक्रोव्हॅस्क्युलर डीकॉम्प्रेशन म्हणतात. कानामागे काही सेंटिमीटरचा छेद घेतात, हाडात रुपयाच्या नाण्याएवढी खिडकी करतात आणि धमनी उचलून नस व धमनी यांच्यामध्ये टेफ्लॉनचा लहानसा बोळा ठेवतात. दिसायला तो पिंजलेल्या कापसासारखा असतो, पण शरीरात विरघळत नाही. नस कापलेली नसते. घरच्यांना हे आधीच समजावून सांगावं, कारण ‘चेहऱ्याची नस कापली’ अशी बातमी नातेवाइकांत फार लवकर पोचते.

पहिली रात्र बहुतेक ठिकाणी आयसीयूत जाते. डोकं उशीवर साधारण ३० अंश वर ठेवतात. मळमळ आणि चक्कर बऱ्याचदा असते. मान आखडते, कारण छेदाजवळचे मानेचे स्नायू हाडावरून सोडवलेले असतात. ऑपरेशन झालेल्या बाजूचा कान भरल्यासारखा वाटतो, डोकं हलवलं की आत पाणी डुचमळल्याचा भास होतो. हाडातल्या हवेच्या पोकळ्यांत साचलेला द्रव हे त्याचं नेहमीचं कारण, आणि काही आठवड्यांत तो ओसरतो. कानानं ऐकूच येईनासं झालं तर मात्र लगेच सांगायचं. तीन-चार दिवसांनी ओठाभोवती पाण्याचे फोड आले तर घाबरू नका. नसेत निद्रिस्त असलेला नागिणीच्याच कुळातला विषाणू जागा होतो. त्यावर गोळ्या मिळतात, आणि त्या जितक्या लवकर सुरू होतील तितकं चांगलं.

(दृश्य: घर. टेबलावर गोळ्यांचा डबा, भिंतीवरचं कॅलेंडर, तारखांखाली पेननं लिहिलेले आकडे.)

घरी आल्यावर सर्वांत मोठी चूक गोळ्यांच्या बाबतीत होते. कळ गेली, मग कळ दाबणारी कार्बामॅझेपिनची गोळी कशाला, म्हणून ती एका दिवसात बंद केली जाते. शरीराला महिनोन्महिने सवय झालेली ही गोळी अचानक थांबवली तर फिट येऊ शकते. ती पायरीपायरीनं उतरवतात. एकेका वेळी १०० किंवा २०० मिलिग्रॅम कमी, मग काही दिवस थांबून पुढची पायरी. नेमका तक्ता डॉक्टर लिहून देतात. तो कॅलेंडरवर उतरवून घ्यावा, म्हणजे ‘काल एक घेतली का दोन’ हा प्रश्नच उरत नाही. या गोळीनं रक्तातलं सोडियम उतरू शकतं. रिपोर्टात ते १३५ ते १४५ mEq/Lच्या दरम्यान असावं लागतं. पेशंट सुस्त झाला, बोलण्यात गोंधळ जाणवू लागला, तर ‘अशक्तपणा आहे’ म्हणून सोडून देऊ नका, तपासून घ्या.

नाशिककरांसाठी इथं एक गोष्ट मुद्दाम सांगायची. गोळीच्या कागदावर ग्रेपफ्रूट टाळा असं लिहिलेलं असतं, आणि घरातली द्राक्षं बंद होतात. ग्रेपफ्रूट हे संत्र्या-मोसंबीच्या कुळातलं फळ आहे. त्याच्या रसानं गोळीचा अंमल वाढतो. द्राक्षांचा यात काही संबंध नाही. ती खुशाल खावीत.

आता पाण्याबद्दल, कारण घरी सर्वांत जास्त डोळ्यांत तेल घालून पाहायचं ते हेच. मेंदूभोवती स्वच्छ पाण्यासारखा द्रव असतो. आवरणाचा टाका नीट बसला नाही, किंवा कानामागच्या हाडाच्या पोकळ्या पुरत्या बुजल्या नाहीत, तर तो द्रव जखमेतून किंवा नाकातून बाहेर येतो. सर्दीतलं नाक चिकट असतं, रुमालावर वाळलं की कापड कडक होतं. हे पाणी पातळ, चवीला खारट असतं. पुढं वाकलं की टपटपतं, बहुतेक एकाच नाकपुडीतून, आणि रुमालावर वाळूनही कडक होत नाही. घशात खारट थेंब उतरतोय असं वाटलं तरी फोन करायचा. सोबत ताप, वाढत जाणारी डोकेदुखी, मान पुढं वाकवता न येणं, उजेड नकोसा होणं यातलं काही असेल तर रात्र सरण्याचीही वाट बघायची नाही. हा मेंदूच्या आवरणाचा संसर्ग असू शकतो.

म्हणूनच पहिले ४ ते ६ आठवडे डोक्यातला दाब वाढेल असं काही करायचं नाही. नाक जोरात शिंकरू नये, शिंक आली तर तोंड उघडं ठेवून येऊ द्यावी. कुंथायला लागू नये म्हणून इसबगोल, भरपूर पाणी आणि डॉक्टरांनी दिलेलं औषध. कपालभाती नको, जलनेती तर नकोच. देवापुढं वाकून नमस्काराऐवजी हात जोडणं पुरे. चार-पाच किलोंच्या वर उचलायचं नाही. भरलेली १५ लिटरची बादली म्हणजेच १५ किलो.

टाके साधारण १० ते १४ दिवसांत काढतात. तोवर जखम कोरडी ठेवायची, चश्म्याची दांडी तिच्यावर टेकणार नाही हे पाहायचं. दुचाकीही काही आठवडे बंद. हेल्मेट नेमकं कानामागच्या छेदावर दाबतं आणि चक्कर पूर्ण गेलेली नसते. पेठ-सुरगाण्याहून टाके काढायला येणाऱ्यांनी जमेल तर गाडीनं यावं, एसटीच्या मागच्या बाकावर दणके फार बसतात.

(दृश्य: दिंडोरी तालुक्यातली द्राक्षबाग. मांडवाखाली हात वर करून विरळणी करणाऱ्या बाया.)

बागेतल्या माणसांना सर्वांत जास्त धीर इथं लागतो. मांडवाखालचं सगळं काम मान मागं टाकून, हात वर करून होतं, आणि नेमके तेच स्नायू सुटलेले असतात. ऑफिसचं काम करणारा चार-सहा आठवड्यांत रुजू होतो. विरळणी किंवा छाटणीला त्याहून जास्त वेळ द्यावा लागतो. ऑपरेशनची तारीख आपल्या हातात असेल तर ऑक्टोबरची गोडी छाटणी आणि एप्रिलची खरड छाटणी लक्षात घेऊनच ठरवावी. घाईनं बागेत उतरलेली मान नंतर महिनोन्महिने दुखत राहते.

काहींचा गाल किंवा ओठ बधिर राहतो. पदार्थ आधी चांगल्या बाजूनं चाखून पाहा, नाहीतर गरम वरणानं तोंड भाजलेलंही कळत नाही. जेवल्यावर चूळ भरून आरशात गालाची आतली बाजू बघावी, घास तिथं अडकून बसतो. डोळ्याभोवती बधिरपणा असेल तर काळजी दुप्पट, कारण डोळ्यात कण गेला तरी खुपत नाही. लाली दिसली की नेत्रतज्ज्ञाकडे जायचं. फवारणीच्या वेळी अशा माणसानं बागेत थांबूच नये.

पहिल्या काही दिवसांत मधूनच एखादी चमक येते आणि पेशंट कोसळतो: ऑपरेशन फसलं! बहुतेक वेळा तसं नसतं. झिजलेली नस निवायला वेळ घेते. मोठ्या पाहणीत १० वर्षांनंतरही दहापैकी सुमारे सात जण औषधाशिवाय कळमुक्त राहिले. उरलेल्यांपैकी कुणाची कळ परतली तर गोळ्या पुन्हा सुरू करता येतात, आणि गामा नाइफ (नसेवर नेमके किरण सोडणं) किंवा गालातून सुई घालून नसेवर केले जाणारे उपचारही आहेत.

त्यासाठी घरी येताना डिस्चार्ज कार्डासोबत ऑपरेशन नोटची प्रत आणि एमआरआयची सीडी मागून घ्या. कोणत्या बाजूला, कोणती रक्तवाहिनी, काय ठेवलं आणि हाड कशानं बंद केलं, हे त्यात लिहिलेलं असतं. पाच वर्षांनी दुसऱ्या शहरातल्या सर्जनपुढं बसाल तेव्हा तो पहिल्यांदा तोच कागद मागेल.