सुट्ट्यांचा वांधा, तोही रोमन

नमस्कार मंडळी. सुट्टे नाहीत म्हणून दुकानदाराने तुमच्या हातावर चॉकलेट टेकवलंय का कधी? टेकवलंच असणार. तर आज तसंच एक चॉकलेट, फक्त सतराशे वर्षांपूर्वीचं, आणि रोमन.

गॉल आणि ब्रिटन, म्हणजे आजचं फ्रान्स नि इंग्लंड म्हणा, हा भाग 260 मध्ये रोमपासून फुटला, त्यांचे सम्राट वेगळे, टांकसाळ वेगळी, आणि नाण्यात चांदी म्हणाल तर नावाला. 274 मध्ये रोमचा सम्राट ऑरेलियनने तिथल्या शेवटच्या सम्राटाला, टेट्रिकसला हरवलं, जरा बरं नाणं काढलं, पण ते इकडे पुरेसं पोचलंच नाही. बाजार काय थांबतो का हो? नकला आधीपासून चालूच होत्या, आता तर ऊत आला.

करायचं कसं, तर तांब्याची कांडी घ्यायची, काकडीसारखे काप पाडायचे, ठोकून चपटे करायचे, दोन ठशांमध्ये धरून वरून हातोडा. झालं नाणं. खरी गंमत त्या ठशांत आहे. टेट्रिकसच्या डोक्यावर सूर्यकिरणांचा मुकुट असतो, नकलेत त्याचा पार कंगवा झालेला. नावाच्या जागी कधी नुसत्या उभ्या रेघा, कोरणाऱ्याला वाचता येत नसणार. मागची देवी तर काडेपेटीच्या काड्या जोडून केल्यासारखी. अस्सल नाणं आपल्या जुन्या स्टीलच्या चार आण्याएवढं, आणि यातली काही शर्टाच्या बटणापेक्षाही बारीक!

आता मला सांगा, याला कोण फसणार? आंधळासुद्धा नाही, हाताला साइज कळतोच की. म्हणून यांना सरसकट खोटी नाणी म्हणणं मला पटत नाही. पाडणाऱ्याने चार पैसे सोडले नसतील, तो भाग वेगळा, पण घेणारा डोळे उघडे ठेवूनच घेत होता, कारण सुट्टे हवे होते.

पुढे 350 नंतर परत तेच. सरकारी नाण्यावर रोमन शिपाई घोडेस्वाराला भाल्याने खाली पाडतोय, आणि भोवती लॅटिनमध्ये मजकूर, साधारण अर्थ असा की सुखाचे दिवस परत आले. याच्याही ढिगाने नकला, कधी जुन्याच नाण्यावर नवा छाप मारून. त्यातली अगदी बारकी नाणी बघा, पाच-सहा मिलिमीटरची, भाला दिसतो, घोड्याचा एखादा पाय दिसतो, सुखाचे दिवस काही मावलेले नाहीत.