डाव्या कप्प्याचं माप

[दृश्य : मिरज, सकाळ. इकोच्या खोलीबाहेरची बाकडी.]

मिरजेला पेशंट येतात ते नुसते सांगली जिल्ह्यातून नाही, कर्नाटकातूनही. आत टेबलावर आहेत जतकडच्या एक मावशी. बीपी जुनं, आणि अलीकडं जिना चढला की दम लागतो.

टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झाली की घरचे एकच विचारतात, पंपिंग किती? मावशींचं पंपिंग ६० टक्के, म्हणजे चांगलं. मग दम कशानं लागतो? याचा धागा बऱ्याचदा रिपोर्टातल्या दुसऱ्याच ओळीत सापडतो. ती ओळ डाव्या कर्णिकेची, म्हणजे हृदयाच्या डावीकडच्या वरच्या कप्प्याची. ती वाचलीच जात नाही, याचं खरंच वाईट वाटतं.

फुफ्फुसांतून आलेलं रक्त आधी या वरच्या कप्प्यात उतरतं. बीपीमुळं खालचा कप्पा ताठर झाला, की त्यात रक्त भरायला जास्त दाब लागतो. हा दाब महिनोन्‌महिने राहिला की कर्णिका ताणत जाते. २०१९चा महापूर ओसरला, तरी सांगलीतल्या भिंतींवर पाण्याची रेघ राहिली; कर्णिकेचा आकार हीसुद्धा अशीच मागे राहिलेली खूण. या दोन कप्प्यांमधल्या झडपेचे आजारही ती मोठी करतात, म्हणून झडप आधी बघायची.

[दृश्य : मशीनचा पडदा.]

“मावशी, डाव्या कुशीवर वळा. हात उशाला घ्या. श्वास सोडा… आता धरा.”

पूर्वी समोरून एकच व्यास मोजायचे. पण कर्णिका सगळ्या बाजूंनी सारखी वाढत नाही. म्हणून आता दोन कोनांतून आकारमान काढतात. झडप उघडण्याच्या अगदी आधीची फ्रेम थांबवायची, कारण तेव्हा कप्पा पूर्ण भरलेला असतो. मग आतल्या कडेनं रेघ ओढायची. फुफ्फुसांकडून येणाऱ्या शिरा आणि बाजूची छोटी पिशवी रेघेबाहेर. छातीवर टेकवायचा प्रोब जरा तिरका लागला की कप्पा आखूड दिसतो. दोन्ही चित्रांतल्या लांबीत ५ मिलिमीटरहून जास्त फरक नको. मावशींच्या मापात तो जास्त आला. पुन्हा श्वास, पुन्हा रेघ.

५८ मिलिलिटर. शरीराच्या क्षेत्रफळानं भागलं, तर दर चौरस मीटरला ४०. नॉर्मलची वरची हद्द ३४.

आकार कळला, आता काम. कर्णिका रक्त साठवते, झडप उघडली की खाली सोडते, आणि शेवटी स्वतः आकसून उरलेलं ढकलते. भिंत किती ताणली जाते, हे ‘स्ट्रेन’ या मापानं कळतं. कधीकधी आकार वाढण्याआधीच ते कमी झालेलं असतं. एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे ठोके अनियमित करणारा एक आजार, सुरू झालं की शेवटचं आकसणं बंद पडतं. रक्त त्या छोट्या पिशवीत रेंगाळतं, तिथं गुठळी होऊ शकते, आणि ती मेंदूकडं गेली तर लकवा.

“मावशी, मधेच धडधडतं का?”

“व्हय, रात्री कधी कधी. कुणाला बोलले न्हाई.”

ईसीजी लगेच काढला जातो, आणि चोवीस तास ठोके टिपणारं होल्टर लिहून दिलं जातं.