कुत्र्याची आंघोळ: गप्प उभं राहणं आणि शांत असणं

नमस्कार.

कुत्र्याच्या आंघोळीचा विषय निघाला की पहिला प्रश्न शाम्पूचा येतो. कोणता घ्यावा, किती घ्यावा, किती दिवसांनी लावावा. त्याकडे मी येणारच आहे. पण आधी बोलायचं आहे ते फरशीबद्दल. माझा इतक्या वर्षांचा अनुभव असा, की घरच्या आंघोळीत कुत्रा जो घाबरतो तो बऱ्याचदा पाण्याला घाबरत नसतो, घसरण्याला घाबरत असतो.

ओल्या, गुळगुळीत फरशीवर कुत्रा कसा उभा राहतो ते नीट पाहा. पाय फाकतात. ते सावरायला तो बोटं आखडून नखांनी फरशी धरू पाहतो. पण पकड असते ती पंजाच्या मऊ गाद्यांना. नखांवर भार गेला की गाद्या उचलल्या जातात आणि तो आणखीच घसरतो. नेमक्या त्याच वेळी आपण त्याचा पट्टा ओढतो आणि डोक्यावर पाणी ओततो. आता त्याच्या लेखी हे सगळं एकच झालं: बाथरूम, हातातला मग, पाणी, आपण, आणि पायांखालून सरकणारी जमीन. पुढच्या वेळी बादलीचा आवाज आला की तो पलंगाखाली का जातो, याचं उत्तर इथे आहे.

म्हणून पहिली वस्तू आणायची ती रबरी मॅट. नसेल तर जुना जाड टॉवेल पूर्ण भिजवून, पिळून, सपाट अंथरा. कोरडा टॉवेल त्याच्यासकट सरकतो, ओला फरशीला चिकटून बसतो. आणि मॅट बाथरूममध्ये टाकण्याआधी चार दिवस बाहेरच्या खोलीत टाका. तिच्यावर बसू द्या, खाऊ द्या. मग तीच मॅट आत जाते, तेव्हा त्या खोलीत त्याच्या ओळखीचं काहीतरी असतं.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. माझी पहिली कुत्री आंघोळीला फार शहाणी आहे, असं मी येईल-जाईल त्याला सांगायचो. कोपऱ्यात उभी राहायची ती पाणी संपेपर्यंत हलायची नाही. ना ओढाताण, ना भुंकणं. ती गेल्यानंतर कधीतरी तिचा आंघोळीचा एक फोटो हाती लागला. मान खाली, कान मागे चिकटलेले, शेपूट पोटाखाली, एक पुढचा पाय किंचित उचललेला आणि डोळ्याच्या कडेला पांढरा भाग दिसतोय. ती शांत नव्हती. ती गोठलेली होती. अकरा वर्षं मी तिला भिजवत होतो आणि ती ते संपायची वाट बघत होती. मला याचं आजही वाईट वाटतं, आणि खरं सांगायचं तर आज इथे बोलायला उभा आहे तो त्या फोटोमुळे.

या गोठण्यामागचं शास्त्र कुत्र्यांवरच्याच एका प्रयोगातून पुढे आलं. १९६७ साली अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी काही कुत्र्यांना असे विजेचे झटके दिले, की कुत्र्याने काहीही केलं तरी ते थांबणार नव्हते. पुढे त्याच कुत्र्यांना, बुटका अडसर ओलांडला की सुटका होईल, अशा जागी ठेवलं. त्यांतले बरेच उठलेच नाहीत. पडून राहिले. याला त्यांनी ‘शिकलेली असहायता’ म्हटलं. प्रयोग क्रूर होता, आज त्याबद्दल वाचायलाही धीर होत नाही. पण मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. २०१६ साली याच दोघांनी मेंदूवरच्या नव्या संशोधनाच्या आधारे स्वतःचं म्हणणं उलट केलं. त्रास लांबला की गप्प पडून राहणं ही मेंदूची मूळचीच प्रतिक्रिया आहे, ते शिकावं लागत नाही. शिकावं लागतं ते हे, की ‘माझ्या करण्याने काहीतरी बदलतं’.

आंघोळ म्हणजे विजेचा झटका नाही, हे उघड आहे. पण कुत्र्याने काहीही केलं तरी पाणी थांबत नसेल, तर तो एक दिवस करणं सोडून देतो आणि आपण त्याला गुणी म्हणतो. तेव्हा त्याला उलट शिकवता येईल का? येतं. रीत सोपी आहे, वेळ मात्र लागतो.

एका बुटक्या स्टुलावर घडी केलेला टॉवेल ठेवा. कुत्र्याने त्यावर हनुवटी टेकवली की खाऊ. आधी क्षणभर टेकवली तरी खाऊ, मग दोन सेकंद, मग पाच. हे बाथरूमच्या बाहेर, कोरड्यात. दोन-तीन दिवसांत बहुतेक कुत्र्यांना कळतं. मग हनुवटी टेकलेली असताना पाठीवरून हात फिरवा. मग ओला हात. त्यानंतर रिकामा मग पाठीला लावा. मग मगभर कोमट पाणी. आणि नियम एकच: हनुवटी टेकलेली आहे तोवर पाणी चालू, हनुवटी उचलली की पाणी बंद. त्याच क्षणी बंद. ‘एवढा पाय होऊ दे’ असंही नाही.

लोकांना वाटतं, मग तो हनुवटी उचलतच राहील आणि आंघोळ कधीच होणार नाही. पहिल्या दिवशी तसं होतं. तो पाच-सहा वेळा उचलून बघतो, खरंच थांबतंय का ते. आणि खरंच थांबतंय हे कळलं, की उचलणं कमी होत जातं. माझ्याकडे आत्ता असलेला कुत्रा आंघोळीत दोनदा-तीनदा मान वर करतो, अंग झाडतो, माझ्याकडे बघतो आणि पुन्हा हनुवटी टेकवतो. पहिल्यांदा त्याने आपणहून ती परत टेकवली, तेव्हा मला भरून आलं होतं.

खाऊबद्दल एक बारकावा, जो फार जणांकडून उलटा होतो. रशियन शास्त्रज्ञ पाव्हलव्ह यांचं नाव आपल्या सगळ्यांना माहीत आहे. ते खरे पचनाचे अभ्यासक, १९०४ चं नोबेलही त्यांना त्याच कामासाठी मिळालं. त्यांच्या कुत्र्यांना अन्नाआधी येणारी खूण कळायला लागली आणि खुणेनेच लाळ सुटायला लागली. यात क्रम महत्त्वाचा आहे. आधी खूण, मग अन्न. आपण काय करतो? खाऊ दाखवून कुत्र्याला बाथरूममध्ये नेतो आणि मग पाणी ओततो. म्हणजे खाऊ हीच आंघोळीची खूण झाली. काही दिवसांनी तो खाऊ बघूनच मागे सरकतो. तेव्हा आधी पाण्याचा मग दिसू दे, नंतर खाऊ. आधी पाणी लागू दे, मग खाऊ. भिंतीला चिकटणारी चाटायची रबरी ताटली मिळते, तीही कामाची आहे. तिच्यावर पीनट बटर लावणार असाल, तर त्यात झायलिटॉल हा गोडी आणणारा पदार्थ नाही ना, हे डबीवर वाचाच. माणसाला तो चालतो. कुत्र्याची रक्तातली साखर तो धोक्याच्या पातळीपर्यंत खाली आणतो.

तयारीत विंचरणं आधी. केसांत गुठळ्या असतील तर त्या पाण्याने सुटत नाहीत, आणखी घट्ट आवळतात, आणि त्यांच्याखाली साबण आणि ओल अडकून राहते. बादल्या कुत्रा आत येण्याआधी भरून ठेवा. माणसाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंतचं ऐकू येतं, कुत्र्याला ४५,००० च्या आसपास. लहानशा, टाइल्स लावलेल्या खोलीत धो-धो सुटलेला नळ त्याच्या कानांना काय वाटत असेल, याचा विचार करा. टॉवेल, मग, शाम्पू, खाऊ सगळं हाताशी हवं. भिजलेला कुत्रा एकटा सोडून टॉवेल शोधायला जायची वेळ येऊ नये.

पाणी कोमट. मनगटाच्या आतल्या बाजूला ना गार ना गरम लागेल असं, साधारण ३७ अंश. कुत्र्याच्या शरीराचं तापमान आपल्यापेक्षा थोडं जास्त, ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस असतं. पण म्हणून आपल्याला सुखद वाटणारं कढत पाणी त्यालाही आवडेल असं समजू नका. त्याला आपल्यासारखं सर्वांगाला घाम येऊन थंड होता येत नाही. आणि अगदी गार पाण्याने काही कुत्र्यांची शेपटीच दुखावते, मुळापाशी ताठ आणि पुढे लुळी लोंबते. दोन-चार दिवसांत बहुधा बरी होते, पण तेवढे दिवस तो कळवळतो.

भिजवायला सुरुवात मागच्या पायांपासून. पाण्याचा मग अंगाला टेकवून धरायचा. उंचावरून धार पडली की तो दचकतो. दुहेरी केसांच्या कुत्र्यांत पाणी वरच्या वर निथळून जातं, आतली लव कोरडीच राहते, तेव्हा तळव्याने केस उलटे फिरवत पाणी आत जिरवा. डोकं सगळ्यात शेवटी, आणि तेही मगाने नको. ओल्या फडक्याने तोंड पुसलं की पुरतं. पिसवा असतील तर मात्र फेसाचं एक कडं आधी मानेभोवती करा, नाहीतर अंगावरच्या पिसवा चेहऱ्याकडे पळतात.

कान सांभाळा. कुत्र्याच्या कानाची नळी सरळ नसते, खाली जाऊन आत वळते, त्यामुळे गेलेलं पाणी तिथे साचतं. कापसाचा बोळा कानाच्या तोंडाशी हलकेच ठेवा आणि आंघोळ झाल्यावर तो आठवणीने काढा. काडी लावलेला कापूस आत घालू नका.

आता शाम्पू. आपली त्वचा आम्लधर्मी, सामू (म्हणजे pH) ५ च्या आसपास. कुत्र्याची उदासीनतेच्या, म्हणजे ७ च्या, बरीच जवळ. शिवाय तिचा वरचा थर आपल्यापेक्षा पातळ. म्हणून त्याचा शाम्पू वेगळा, आणि भांड्यांचा साबण तर नकोच. मगभर पाण्यात शाम्पू मिसळून घेतला तर तो सगळीकडे सारखा लागतो, कमी लागतो आणि मुख्य म्हणजे निघतो. टी ट्री तेल औषधी म्हणून सर्रास सांगितलं जातं. कुत्र्याला ते विषारी ठरू शकतं. डॉक्टरांनी औषधी शाम्पू दिला असेल तर तो बहुतेक वेळा दहा मिनिटं अंगावर राहावा लागतो. घड्याळ लावा. उभ्या उभ्या दहा मिनिटं वाटतात, प्रत्यक्षात तीनही होत नाहीत. इथे ती चाटायची ताटली कामाला येते.

फेस काढायला फेस करण्याच्या दुप्पट वेळ द्या. काखा, जांघा, बोटांच्या मधल्या जागा, पोट. ‘आंघोळीनंतर हा खाजवतच असतो’ अशी तक्रार आली की मी आधी विचारतो, धुतलं किती वेळ? पुष्कळदा उत्तर तिथेच सापडतं.

आणि त्याला अंग झाडू द्या. भिजू नये म्हणून आपण त्याला धरून ठेवतो, ते करू नका. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१२ मध्ये उंदरापासून अस्वलापर्यंतच्या प्राण्यांचं अंग झाडणं मोजलं होतं. केसाळ प्राणी क्षणार्धात अंगावरचं सुमारे ७० टक्के पाणी उडवून टाकतात. कुठला टॉवेल हे करेल? उरलेलं पाणी टॉवेलने दाबून टिपा, घासू नका, घासलं की गुंता होतो. ड्रायर वापरायचा तर कमी उष्णतेवर, सतत हलवत, आणि त्या आवाजाचीही सवय आधी दुरून. दाट केसांच्या कुत्र्यात मुळाशी ओल राहिली तर त्वचेवर लाल, ओलसर चट्टा उठतो आणि तो रातोरात वाढतो.

मघाशी एका ताईंनी विचारलं, आठवड्याला एकदा आंघोळ हवीच ना? निरोगी कुत्र्याला सहसा नको. त्याच्या त्वचेचा वरचा थर नवा व्हायला साधारण तीन आठवडे लागतात, आणि तेलकटपणा हे त्याचं संरक्षण आहे. चिखल लागला तर नुसतं पाणी पुरे. गोचिडांचं मानेवर टाकायचं औषध लावलं असेल, तर बहुतेक औषधांच्या आधी आणि नंतर दोन दिवस आंघोळ टाळावी लागते; वेष्टनावर लिहिलेलं असतं.

आणखी एका गृहस्थांचा कुत्रा आंघोळीत गुरगुरतो. त्यांना माझी विनंती आहे, त्या गुरगुरण्याबद्दल त्याला रागावू नका. तो बोलतोय. त्याआधी त्याने ओठ चाटून, जांभई देऊन, तोंड फिरवून हेच सांगितलं होतं, आपल्याला ते दिसलं नाही. गुरगुरण्याची शिक्षा झाली, तर पुढच्या वेळी तो ती पायरी गाळून थेट चावेल. थांबा. पाठ धुतली, पोट राहिलं, काही बिघडत नाही, उरलेलं उद्या. आणि वर्षानुवर्षं मजेत आंघोळ करणारा म्हातारा कुत्रा अचानक नको म्हणायला लागला, तर त्याला हट्टी ठरवण्याआधी डॉक्टरांकडे न्या. सांधा दुखत असतो, कान ठणकत असतो.

शेवटचं एक काम आंघोळीच्या दुसऱ्या दिवशीचं आहे. त्याला घेऊन बाथरूममध्ये जा. मॅट अंथरा, स्टूल ठेवा, त्याने हनुवटी टेकवली की खाऊ द्या आणि बाहेर या. पाणी अजिबात नाही. हे आठवड्यातून दोन-तीनदा करा. भिजण्याच्या दिवसांपेक्षा कोरडे दिवस जास्त झाले, की बाथरूमचं दार उघडल्यावर तो आत डोकावून बघायला लागतो.