पाहुणे, दोन खोल्या आणि नाक्यावरचं हॉटेल

(दादरमधल्या एका वाचनालयाच्या उन्हाळी व्याख्यानमालेतलं भाषण, थोडं संपादित करून.)

नमस्कार मंडळी. मे महिना आहे. म्हणजे समोर बसलेल्यांपैकी निम्म्यांच्या घरी आत्ता पाहुणे असणार आणि उरलेले निम्मे कुणाच्या तरी घरी पाहुणे म्हणून आलेले असणार. विषय कळवला तेव्हा संयोजकांनी विचारलं, "ताई, पाहुणचार आणि हॉटेलं एका भाषणात कशी काय? पाहुणे आले की घरी करायचं असतं ना?" तिथूनच सुरुवात करते. मुंबईत आपण ज्या पाहुणचाराची फुशारकी मारतो, तो या दोन खोल्यांच्या घरांना एकट्याने कधीच झेपलेला नाही. त्यातला मोठा वाटा नाक्यावरच्या हॉटेलांनी आणि खाणावळींनी उचलला. आपल्याला मात्र ते कबूल करायला अजून लाज वाटते. पाहुण्याला हॉटेलात नेलं की गावी जाऊन कुणीतरी म्हणणार, "घरी करायचं बाईच्या अगदी जिवावर आलं होतं." हे 'बाईच्या' ध्यानात ठेवा. घरातल्या पुरुषाच्या जिवावर आलं होतं, असं कुणी म्हणत नाही.

ही लाज जुनी आहे. कुणाच्या हातचं खायचं आणि कुणाच्या पंक्तीला बसायचं, हा आपल्याकडे चवीचा प्रश्न नव्हताच, जातीचा होता. १८९० साली पुण्यात पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये शहरातली बडी मंडळी एका कार्यक्रमाला गेली, तिथे चहा-बिस्किटं पुढे आली. हजर असलेल्यांत न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. आनंदीबाई जोशींचे यजमान गोपाळराव यांनी हजर असलेल्यांची नावं चव्हाट्यावर आणली. मग ग्रामण्य झालं, म्हणजे जातीतून बहिष्काराचा वाद उठला, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्तं घ्यावी लागली. एका कप चहापायी! त्यामुळे पुढे उपहारगृहं निघाली तेव्हा कित्येकांच्या पाट्यांवर 'ब्राह्मणाचे' किंवा 'हिंदू' अशी ग्वाही असायची. आत येणाऱ्याचं कूळ विचारता येत नाही, निदान रांधणाऱ्याचं तरी सांगून टाकू, असा तो हिशेब.

ही कोंडी मुंबईत पहिल्यांदा फोडली असेल तर इराणी हॉटेलवाल्याने. धोबीतलावची कयानी १९०४ सालची, ग्रँट रोडची मेरवान १९१४ ची. कोपऱ्यावरची जागा अशुभ म्हणून आपले दुकानदार घेत नसत आणि इराण्यांना ती स्वस्तात मिळाली, असं सांगतात. खरंखोटं काहीही असो, कोपऱ्यावरच्या दुकानाला दोन रस्त्यांची गिऱ्हाइकं मिळतात, हे त्यांना आपल्याआधी कळलं. तिथे संगमरवरी टेबलावर गोदीतला हमाल आणि हायकोर्टातला कारकून समोरासमोर बसून ब्रुन-मस्का चहात बुडवत असत. कुणी कुणाचं आडनाव विचारत नव्हतं.

आता गिरणगावात या. कोकणातून, घाटावरून आलेला कामगार बायको-मुलांना गावी ठेवून यायचा आणि गावकीच्या, म्हणजे एका गावच्या लोकांनी मिळून घेतलेल्या खोलीत राहायचा. एका खोलीत वीस-वीस माणसं, भिंतीला लागून ट्रंका, पाळीप्रमाणे झोपायचं. दिवसपाळीवाला उठला की रातपाळीवाल्याने पथारी पसरायची. गोव्याच्या लोकांची धोबीतलावाकडची 'कूड' तशीच. गावागावाची वेगळी, बोटीवर नोकरी करणारे खलाशी बोट लागेपर्यंत तिथे उतरत. या माणसांना जेवायला कोण घालत होतं? चाळीतल्याच बायका. दहा बाय बाराच्या खोलीत, बहुतेक वेळा नवऱ्याचा पगार पुरत नाही म्हणून, त्या पंधरा-वीस जणांचं रांधत. महिन्याचा हिशेब असायचा, आणि गिरणीत पगार लांबला की खाणावळवालीचे पैसे सगळ्यात आधी थकत. त्या मात्र वाण्याकडून उधारीवर, नाहीतर सावकाराकडून व्याजाने पैसे उचलून चूल चालू ठेवत. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते या बायकांसाठी. त्यांना बँकेतून कर्ज मिळवून दिलं, सावकाराच्या तावडीतून सोडवलं. १९८२ च्या संपाने गिरण्याच बसल्या, तेव्हा गिऱ्हाईक गेलं आणि या खाणावळीही मोडल्या. पाहुणचाराचे धडे गिरवायचे असतील तर मी पंचतारांकित हॉटेलांकडे जाणार नाही, या बायकांकडे जाईन. यांचं घर हेच हॉटेल होतं. परका माणूस रोज दोनदा उंबऱ्याच्या आत येतो, त्याला भात कमी लागतो की भाकरी, तिखट सोसतं की नाही, हे सगळं त्यांच्या डोक्यात असायचं. आणि तो जेवून उठला की त्याच जागेवर मुलांचा अभ्यास.

माटुंग्याला रामा नायकांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ मध्ये निघालं. दक्षिणेतून नोकरीला आलेल्या सड्या माणसांना केळीच्या पानावर घरच्यासारखं जेवण मिळावं, ही त्यामागची गरज. आपल्या दादरचं मामा काण्यांचं उपहारगृह त्याहून कितीतरी जुनं, १९१० चं. स्टेशनबाहेर पडलं की समोरच. गाडीतून उतरलेला पाहुणा बॅग पायाशी ठेवून तिथे बटाटेवडा खायचा आणि मग नातेवाइकांचं घर शोधायला निघायचा. यजमानीणबाईंचा नाश्ता तिथेच वाचला!

आणि आपल्याकडे येणारे पाहुणे काही सगळे मौजेसाठी येत नाहीत. केईएम हॉस्पिटल १९२६ मध्ये सुरू झालं, कॅन्सरचं टाटा हॉस्पिटल १९४१ मध्ये. तेव्हापासून परळ-दादर-लालबागच्या कितीतरी घरांत 'टाटाला दाखवायला आलेले' काका नाहीतर मावशी राहिल्या असतील. दादरची गाडगे महाराजांची धर्मशाळा आहे, तिथे पेशंट आणि त्यांचे नातेवाईक उतरतात. पण ज्याला नातं आहे तो आधी नात्याच्या दारात येतो. अशा पाहुण्याची वेळ तुमच्या हातात नसते. सकाळी सहाला नंबर लावायला जातो, दुपारी तीनला परत येतो, कधी येतच नाही. त्याच्यासाठी पुरणपोळी करून ठेवण्यात काही अर्थ नसतो. त्याला लागते दाराची किल्ली.

किल्लीवर मी जरा थांबते, कारण घराची तयारी म्हटलं की आपण पडदे धुतो. पंखे पुसतो, फडताळातले काचेचे ग्लास काढतो, माळ्यावरून गाद्या खाली घेतो, गच्चीत नेऊन त्यांना ऊन दाखवतो. गाद्यांचं बरोबर आहे, माळ्यावर वर्षभर पडलेल्या कापसाला कुबट वास येतो आणि तो अभ्रे बदलून जात नाही. दोन कडक उन्हं लागतात, मधे एकदा उलटून काठीने झोडपायला लागतं. पण पडदे? पाहुणा पडदे बघायला आलेला नाही. तो रात्री अकराला अंधारात उठतो आणि त्याला संडासाच्या दिव्याचं बटण सापडत नाही. पाच बटणांतलं कुठलं दाबायचं? एक दाबलं की हॉलचा पंखा बंद होतो, दुसरं दाबलं की तुमच्या डोक्यावरची ट्यूब लागते. मग तो बिचारा तसाच जाऊन पडतो. त्या बटणावर रंगीत टिकली चिकटवा. गीझरच्या बटणावरही. एवढं केलंत तर पडदे दिवाळीला धुतलेत तरी चालेल.

दुसरी गोष्ट खुंटी. आपल्या ब्लॉकमध्ये पाहुण्याला कपडे अडकवायला जागाच नसते. चार दिवस तो बॅगेतून कपडे उपसतो, पुन्हा बॅगेतच कोंबतो, ओला टॉवेल दाराच्या कोपऱ्यावर टाकतो आणि तुम्ही तो कुणाचं लक्ष नसताना उचलता. कपाटातला एक कप्पा रिकामा करा. पूर्ण रिकामा. 'तुमचं सामान ठेवा की माझ्या साड्यांवर' असा नाही. वयस्क पाहुणे असतील तर न्हाणीघरात प्लास्टिकचं स्टूल, उशाशी पाण्याचा तांब्या, मधुमेह असेल तर इन्सुलिनसाठी फ्रिजच्या दारात जागा. आणि पाण्याची वेळ आधीच सांगून टाका. मुंबईचं पाणी ठरल्या वेळी येतं आणि ठरल्या वेळी जातं, हे गावच्या विहिरीवर वाढलेल्या माणसाला माहीत नसतं. तो निवांत साडेदहाला अंघोळीला जातो आणि साबण लावून उभा राहतो!

किल्ली दिलीत, कप्पा दिलात की पाहुण्याचं अर्धं ओझं हलकं होतं, तुमचंही. उरलेल्यासाठी कोपऱ्यावरचं हॉटेल. माझा बेत साधा असतो. एक जेवण घरचं, रीतसर, सगळ्यांनी एकत्र बसून. बाकी नाश्ता बाहेर. सकाळी सात ते नऊ या वेळात घरात एकच न्हाणीघर, एकच शेगडी, मुलांचा डबा आणि ऑफिसची लोकल असते. त्यात पाच माणसांचे पोहे करत बसण्यापेक्षा पाहुण्यांना सांगावं, "काका, खाली उतरा, डाव्या हाताला वळा, तिथे जाऊन बसा, मी अर्ध्या तासात आलेच." काकांनाही घरातल्या घाईत पाय आखडून बसण्यापेक्षा तिथे पेपर वाचत बसणं बरं वाटतं. संकष्टीचा उपास असेल तर शिवसेना भवनाजवळच्या प्रकाशमध्ये साबुदाणा वडा आणि पियुष. उपास नसेल तर आस्वादची मिसळ नाहीतर थालीपीठ. मासे हवे असतील तर मालवणी घरगुती जेवणाची ठिकाणं आपल्याकडे पावलापावलावर आहेत. सुरमईची थाळी घेऊन नागपूरच्या पाहुण्यांना सोलकढी पाजावी आणि त्यांचा चेहरा बघावा.

मात्र या ठिकाणांच्या रीती पाहुण्यांना आधी सांगायला हव्यात. गर्दीच्या वेळी अनोळखी माणसांच्या टेबलावर बसवतात. पुण्या-नागपूरची माणसं आधी दचकतात, मग समोरच्याच्या बशीकडे बघून "हे काय मागवलंत?" म्हणून चौकशी करतात. खाऊन झालं की रेंगाळायचं नाही, मागे खुर्चीला हात लावून कुणीतरी उभं असतं. मिसळीचा रस्सा पुन्हा मागता येतो, पण कुठे फुकट मिळतो, कुठे पैसे पडतात. दुपारी तीन-चार तास काही ठिकाणी शटर खाली असतं, आठवड्याचा सुट्टीचा वार वेगवेगळा. पाहुण्यांना घेऊन ऐटीत निघावं आणि बंद शटरसमोर उभं राहावं, असं होऊ नये म्हणून पाहुणे नसतानाही अधूनमधून जात राहावं. नाहीतर वेटरला तुमची ओळख राहत नाही, आणि तुम्हालाही काय चांगलं मिळतं ते कळत नाही. रील बघून मिसळ खायला अंधेरीला जाणारे लोक मला भेटतात. जावं, मना नाही. पण सत्तरीच्या आत्याला एवढ्या लांब उन्हातून नेऊन रांगेत उभं करण्यात पाहुणचार कुठला?

आणि घरपोच मागवण्याचं मला तितकंसं पटत नाही. वडा डब्यात वाफ धरून मऊ पडतो, हे एक. शिवाय माणसं पुन्हा त्याच खोलीत, त्याच सोफ्यावर, टीव्हीसमोर. पाहुण्यांना चार दिवस सतत आपल्याच चार भिंतींत ठेवलं की दोन्हीकडची माणसं तिसऱ्या दिवशी चिडचिडी होतात. सोसायटीचा जिना उतरून शंभर पावलं चालून गेलं की तेच लोक पुन्हा गप्पा मारायला लागतात. घरी जाऊबाई जे बोलल्या नसत्या ते मी कॉफीच्या टेबलावर ऐकलंय. स्वयंपाकघराच्या ओट्याशी पाठमोऱ्या बाईला कुणी मनातलं सांगत नाही.

शेवटचा मुद्दा बिलाचा, त्याशिवाय हा विषय संपायचा नाही. आपल्या लोकांत बिलाची मारामारी ही रीतच आहे. दोन माणसं वेटरचा हात धरतात, तिसरा खिशात नोट कोंबतो, वेटर बिचारा कुणाकडेच बघत नाही. यजमान असाल तर आत शिरतानाच गल्ल्यावर सांगून ठेवा, "बिल माझ्याकडे." रोजच्या येण्याजाण्यातली ओळख असेल तर गल्ल्यावरचा माणूस पाहुण्याचे पैसे घेतच नाही. मात्र पाहुणा आठवडाभर राहिलेला असेल, तर मधे एक दिवस त्याला बिल देऊ द्या. मुकाट्याने देऊ द्या, उगाच ओढाताण करू नका. सात दिवस दुसऱ्याचं खाणाऱ्यालाही तेवढं एक बिल हवं असतं. आणि जावई असतील तर? त्यांना आधी आग्रह करू द्या, मग बिल तुम्हीच भरा, आणि घरी येऊन सासूबाईंना सांगा की ते पाकीट काढतच होते.

आता कुणाला प्रश्न असतील तर घेऊ.