मोठ्या आतड्याचा दाह: अल्सरेटिव्ह कोलायटिस कशामुळे होतो

दुर्बिणीच्या तपासणीत पडद्यावर दिसत आहे ते अल्सरेटिव्ह कोलायटिस झालेल्या मोठ्या आतड्याचे आतील अस्तर. निरोगी अस्तरात बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे स्पष्ट दिसते. येथे मात्र ते सुजेखाली झाकले गेले आहे आणि दुर्बिणीच्या नुसत्या स्पर्शानेही अस्तरातून रक्त येते. अल्सरेटिव्ह कोलायटिसचा हा दाह बहुधा गुदाशयापासून सुरू होतो आणि मध्ये निरोगी जागा न सोडता वर पसरत जातो.

हा आजार पुष्कळदा १५ ते ३० या वयात गाठतो आणि मग घरात कारणांची शोधाशोध सुरू होते: बाहेरचे खाणे, तिखट, जागरणे, टेन्शन. मनाला दोष देणे वैद्यकालाही नवे नाही. विसाव्या शतकाच्या मध्यात शिकागोचे मनोविश्लेषक फ्रान्झ अलेक्झांडर यांनी ज्या सात आजारांचे मूळ मनात शोधले, त्यांत हाही होता. त्या मताने रुग्णांवर अन्यायच केला, असे म्हणावे लागेल. ताणामुळे असलेला आजार उफाळून येऊ शकतो. पण केवळ ताणाने तो जडतो, याला आधार नाही.

आतड्याच्या अस्तरावर चिकट श्लेष्म्याचा थर असतो आणि त्यापलीकडे अब्जावधी जिवाणू नांदत असतात. ज्यांची जनुकीय घडण अनुकूल असते, त्यांच्यात हा थर कमकुवत होतो, जिवाणू अस्तराच्या फार जवळ येतात आणि एरवी त्यांना सहन करणारी प्रतिकारयंत्रणा त्यांच्यावर तुटून पडते. या धुमश्चक्रीत अस्तरच सोलवटून निघते. आतड्याच्या दाहाच्या आजारांशी निगडित अशा २०० हून अधिक जनुकीय जागा आजवर सापडल्या आहेत. आईवडील किंवा भावंडांपैकी कोणाला हा आजार असेल, तर धोका वाढतो. तरीही एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला तो झाला, तरी दुसऱ्याला बहुतेक वेळा होत नाही.

म्हणजे उरलेले कारण भोवतालात आहे. इंग्लंडमधील लेस्टर शहरात १९९० च्या दशकात झालेल्या अभ्यासांत तेथे स्थायिक झालेल्या दक्षिण आशियाई कुटुंबांमध्ये, विशेषतः दुसऱ्या पिढीत, या आजाराचे प्रमाण स्थानिक युरोपीय वंशाच्या लोकांपेक्षा अधिक आढळले. परदेशात मुले वाढवणाऱ्या मराठी कुटुंबांनीही हे लक्षात ठेवावे. मात्र हा केवळ पाश्चात्त्यांचा आजार आहे, ही समजूतही खरी नाही: २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पंजाबमधील पाहणीत दर लाख लोकसंख्येमागे सुमारे ४४ रुग्ण आढळले होते. आपल्याकडे शौचावाटे रक्त गेले की आव किंवा मूळव्याध समजून महिनोन्‌महिने उपचार होतात, त्यामुळे अनेकांचे निदानच उशिरा होते.

भोवतालातील सर्वांत चक्रावून टाकणारा घटक तंबाखूचा आहे. धूम्रपान करणाऱ्यांमध्ये हा आजार कमी दिसतो, तर ज्यांनी ते सोडले आहे त्यांच्यात, विशेषतः सोडल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत, तो अधिक दिसतो. म्हणून कोणी सिगारेट धरावी असे मुळीच नाही. फुप्फुसे आणि हृदय यांचे होणारे नुकसान कितीतरी मोठे असते. लहान वयात अपेंडिक्सला सूज येऊन ज्यांची शस्त्रक्रिया झाली, त्यांनाही धोका कमी असतो. याचे कारण मात्र अजून उलगडलेले नाही.

आहाराबाबतचे पुरावे त्या मानाने कच्चे आहेत. लाल मांस आणि कारखान्यात प्रक्रिया केलेले पदार्थ यांच्याकडे संशयाचे बोट जाते, परंतु घरच्या एखाद्या भाजीमुळे वा मसाल्यामुळे हा आजार झाला, असे कोणत्याही आईला सांगता येणार नाही. औषधांची बाजू अधिक विचारात घ्यावी अशी आहे. वारंवार घेतलेली प्रतिजैविके आणि आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या वेदनाशामक गोळ्या यांचा या आजाराशी संबंध आढळला आहे, आणि या गोळ्या आपल्याकडे मेडिकलच्या दुकानात चिठ्ठीशिवाय सर्रास मिळतात. ज्यांच्या घरात हा आजार आहे, त्यांनी पाठदुखीसाठी अशी गोळी घेण्यापूर्वी डॉक्टरांना तसे सांगावे.